वार्ताहराचा वाटा

मराठीत 'वृत्त' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांशेजारी सुखाने नांदत आले आहेत. एक वृत्त छंदःशास्त्रातले, दुसरे वर्तमानपत्रातले. वर्गात मंदाक्रांता शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असू, की पहिल्या वृत्तावर कोणाची मालकी नसते. कालिदासाने मेघदूत मंदाक्रांतेत लिहिले म्हणून मंदाक्रांता त्याची झाली नाही. त्याची झाली ती त्या वृत्तात बांधलेली शब्दकळा. दुसऱ्या वृत्ताचे काय? नदीला पूर आला, ही घटना कोणाचीच नव्हे. पण ती पाहून, पारखून, शब्दांत बांधून आपल्या दारापर्यंत आणणाऱ्या माणसाचा तिच्यावर काही हक्क पोचतो की नाही? वृत्तपत्रांचे प्रकाशक आणि शोधयंत्रे चालविणाऱ्या कंपन्या यांच्यात गेली दोन दशके जगभर जो कलह चालला आहे, त्याच्या बुडाशी हाच प्रश्न आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा दोन व्यापाऱ्यांमधला हिशेबाचा तंटा वाटण्याची शक्यता आहे. आम्हांला तसे वाटत नाही. संहिता, तिचा कर्ता आणि तिचा संक्षेप यांच्या परस्परसंबंधाचा हा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्याही अंगणातला आहे. शिवाय आम्ही तो गोदावरीच्या काठावरून पाहिलेला आहे, आणि काठावरून तो दिल्ली-ब्रसेल्सहून दिसतो त्यापेक्षा थोडा वेगळा दिसतो.

आमचे गाव सायखेडा. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, नदीला लागून. पलीकडे चांदोरी, मध्ये पूल. वरच्या अंगाला गंगापूर धरण, दारणेचे पाणीही आमच्याच वाट्याला, आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. पावसाळ्यात नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे पाहून पूर मोजतात: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. सायखेड्याला तेवढ्याने भागत नाही. धरणातून किती क्युसेक सोडले हे कळले, तरी त्या आकड्याचे गावात काय होणार हे आकडा सांगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, एवढे गणित आमच्याकडे शाळकरी पोरालाही येते. पण दारणेचे पाणी त्याच वेळी आले का, वरून वाहत आलेल्या पानवेली पुलाला अडकल्या का, बाजारपेठेत पाणी कोणत्या बोळातून शिरते आहे, हे पुलाजवळ उभे राहिल्यावाचून समजत नाही. २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीने हे पुन्हा पुन्हा शिकवले आहे.

म्हणून पुलाजवळ उभा राहणारा एक माणूस लागतो. वर्तमानपत्राच्या परिभाषेत त्याला वार्ताहर म्हणतात. 'हर' म्हणजे नेणारा, वाहणारा. शब्द फार नेमका आहे, कारण त्याच्या कामात वाहतूकच अधिक असते. नव्वदच्या दशकात काही वर्षे आम्हीही हा उद्योग केला. दुपारपर्यंत महाविद्यालय, नंतर बातम्या. फुलस्केपच्या एका बाजूला, समास सोडून, बॉलपेनने लिहायचे. पाकिटावर 'बातमी – तातडीचे' असे लिहून ते एस.टी.च्या वाहकाच्या हवाली करायचे. नाशिकच्या स्थानकावरून कार्यालयाचा शिपाई ते घेऊन जाई. पगार नव्हता. छापून आलेल्या मजकुराची कात्रणे चिकटवून महिन्याच्या शेवटी पाठवली, की टपाल-प्रवासाचा खर्च म्हणून काही रुपये मिळत. कधी तेही राहून जात. खरी मिळकत असे ती जाहिरातींच्या कमिशनची: दिवाळी पुरवणीला शुभेच्छा, पुढाऱ्यांचे वाढदिवस, कोणाचे प्रथम पुण्यस्मरण. ज्याच्याविषयी निर्भीडपणे लिहावे अशी अपेक्षा, त्याच्याच दारात जाहिरातीसाठी उभे राहावे लागे. त्या वृत्तपत्राचे नाव घेण्याचे कारण नाही. रीत सर्वांचीच थोड्याफार फरकाने तीच होती, आणि आज पाकिटाऐवजी व्हॉट्सॲप आले एवढाच फरक पडला आहे.

ही पार्श्वभूमी मनात असल्यामुळे, फेब्रुवारी २०२१ मध्ये इंडियन न्यूजपेपर सोसायटीने गूगलला पत्र लिहून जाहिरात-उत्पन्नातला प्रकाशकांचा वाटा ८५ टक्क्यांपर्यंत वाढवावा अशी मागणी केली, तेव्हा आमचे कान टवकारले. पुढे डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून ७ जानेवारी २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी इंडियन न्यूजपेपर सोसायटी आणि वृत्तवाहिन्यांची संघटना यांच्या तक्रारीही त्या चौकशीला जोडण्यात आल्या. प्रकाशकांचे म्हणणे थोडक्यात असे: बातमी मिळवण्याचा खर्च आमचा, वाचक मात्र मोठ्या संख्येने शोधयंत्राच्या दारातून येतो, त्या दारावर आमच्याच मजकुराचे तुकडे मांडून शोधयंत्र जाहिरात विकते, आणि एकूण किती विकले, त्यातले आम्हांला किती व कोणत्या हिशेबाने दिले, हे सांगत नाही.

शेवटचा मुद्दा आमच्या तालुक्यात समजावून सांगावा लागत नाही. निफाड तालुका कांद्याचा. लासलगावच्या बाजार समितीत शेतकऱ्याने ट्रॅक्टर उभा केला, की लिलाव डोळ्यांसमोर होतो आणि नंतर हातात हिशेबपट्टी पडते: वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती. भाव पडला म्हणून शेतकरी रडेल, संतापेल. पण कशातून काय वजा झाले ते त्याला दिसते. प्रकाशक म्हणत होते, आम्हांला पट्टीच मिळत नाही. ही तक्रार रास्त आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या पक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. शोधयंत्र म्हणते, आम्ही वाचक तुमच्याकडे फुकट पाठवतो. नको असेल त्याने तसे कळवावे, आम्ही त्याची पाने दाखवणार नाही. संकेतस्थळाच्या मुळाशी 'रोबोट्स' नावाची एक छोटी धारिका ठेवून यंत्राला मज्जाव करण्याची सोय १९९४ पासून आहे. मुद्दा बिनतोड वाटतो, पण ज्या बाजारात एकच वेस आहे तिथे 'नको असेल तर वेशीतून येऊ नका' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. जर्मनीतला अनुभव याची साक्ष देतो. तेथे २०१३ मध्ये प्रकाशकांच्या बाजूने कायदा झाला. मोबदला मागणाऱ्यांच्या बातम्यांचे उतारे दाखवणे गूगलने थांबवले, आणि आक्सेल श्प्रिंगरसारख्या बलाढ्य समूहाने वाचकसंख्येची पडझड पाहून २०१४ मध्ये काही आठवड्यांतच उतारे दाखवण्याची मुभा पुन्हा दिली. बेल्जियमच्या फ्रेंच वृत्तपत्रांनी २००६ मध्ये ब्रसेल्सच्या न्यायालयात खटला जिंकला होता. त्यांनीही २०१२ मध्ये समझोताच केला. स्पेनमध्ये मोबदला सक्तीचा होताच डिसेंबर २०१४ मध्ये गूगलने आपली वृत्तसेवाच बंद केली. ती परतली २०२२ मध्ये, कायदा बदलल्यानंतर.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर प्रकाशकांची जमीन वाटते तितकी भक्कम नाही. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. कल्पना, विषय, ऐतिहासिक तथ्ये यांवर स्वामित्व नसते, त्यांच्या अभिव्यक्तीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निवाड्यात आणखी स्पष्टता आली: नुसत्या श्रमाने आणि खर्चाने स्वामित्व निर्माण होत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. पुलावर पाणी किती, हे सांगणाऱ्या चार ओळींत सर्जनशीलता कुठून आणायची? तिथे तर श्रमच असतात: भिजणे, थांबणे, विचारणे, खात्री करून घेणे. म्हणजे काव्यातल्या वृत्ताचा न्याय बातमीतल्या वृत्ताला लावला, की नेमके जे मोलाचे तेच कायद्याच्या चिमटीतून निसटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये, दोन वृत्तसंस्थांच्या भांडणात, ताज्या बातमीला काही काळ प्रतिस्पर्ध्यापासून संरक्षण दिले होते. ते संरक्षण बातमीतल्या शब्दांना नव्हते; ती मिळवण्याच्या खटाटोपाला होते. हा विचार पुढे फारसा फोफावला नाही, याची आम्हांला खंत वाटते.

आतापर्यंतचा तंटा निदान दाराचा होता. यंत्र शीर्षक आणि दोन ओळी दाखवी, वाचक दार ढकलून आत येई. आता दाराशीच पंगत बसू लागली आहे. ऑगस्ट २०२४ पासून गूगलचे यंत्ररचित सारांश भारतातही शोधाच्या माथ्यावर दिसू लागले. प्रश्न विचारावा, चार पानांतून गोळा केलेले उत्तर तिथेच वाचावे आणि निघून जावे. प्रकाशकाला हा सारांश टाळायचा तर शोधाच्या निकालातला आपला उताराही गमवावा लागतो, असा पेच होता. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलच्या याच व्यवहाराची चौकशी आरंभली. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. जानेवारी २०२५ मध्ये प्रकाशकांची संघटनाही त्यात हस्तक्षेपासाठी उतरली. तो वाद शोधयंत्राचा नसून भाषा शिकणाऱ्या यंत्रांचा आहे, पण पाणी एकाच नदीचे आहे.

सारांश मूळ संहितेची जागा घेतो तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण आपल्याच वाङ्मयेतिहासात पडून आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी तरी ते विसरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवण्यासाठी दर आठवड्याला त्यांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे तयार करवीत असे. 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' या नावाने ते ओळखले जातात. सरकारी भाषांतरकाराने त्याला महत्त्वाचे वाटले तेवढे उचलले, त्याच्या समजुतीप्रमाणे आवळले आणि वरिष्ठांना दिले. वर्षे लोटली. गावोगावच्या कित्येक लहान पत्रांचे अंक वाळवीने, ओलीने, अनास्थेने नष्ट झाले, आणि गोषवारे मात्र दप्तरखान्यात सुरक्षित राहिले. आज त्यांतल्या अनेक पत्रांविषयी जे काही कळते ते या परक्या भाषेतल्या, परक्या हेतूने केलेल्या संक्षेपातूनच. संशोधक त्यांचा उपयोग करतो, आणि करताना प्रत्येक वेळी हळहळतो: मूळ वाक्य काय असेल? टोमणा होता का? म्हण वापरली होती का? त्या गोषवाऱ्यांत संपादकाचे मत सापडते, त्याचा आवाज सापडत नाही.

इतके असूनही त्या गोषवाऱ्यांनी मूळ पत्रांचे एक नुकसान केले नव्हते. गोषवारा मोजक्या साहेबांसाठी होता. वर्गणीदार मूळ पत्रच वाचत होता, आणि पत्र जगत होते. आजचा सारांश वर्गणीदारासाठीच आहे. त्यामुळे आज मूळ पत्र वाळवीची वाट पाहत बसणार नाही. ते लिहिलेच जाणार नाही. सारांशाला सारांश करण्यासाठी काहीतरी लागते, ही साधी गोष्ट या सगळ्या झगमगाटात विसरली जाते. चांदोरीच्या बाजूने पूल बंद झाला का, असे उद्या एखाद्याने यंत्राला विचारले, तर यंत्र पुलावर जाणार नाही. ते कोणीतरी जाऊन लिहिलेले शोधील. कोणी गेलेच नसेल, तर ते मागच्या पुराचे उत्तर याही पुराला देण्याचा संभव आहे, आणि पुराच्या रात्री शिळे उत्तर हे उत्तर नसण्यापेक्षा घातक असते.

येथवर आम्ही प्रकाशकांच्या पंक्तीला बसलो आहोत असे वाटेल. पण आता त्यांच्याकडेही वळले पाहिजे. ते स्वतःला शेतकऱ्याच्या जागी कल्पितात आणि शोधयंत्राला अडत्याच्या. आमच्या काठावरून पाहिले तर अडत्याच्या जागी प्रकाशकच बसलेला दिसतो. शेतकरी आहे तो वार्ताहर. शोधयंत्राने पट्टी दिली नाही म्हणून दिल्लीला दाद मागणाऱ्यांपैकी कितींनी आपल्या तालुका-वार्ताहराला कधी पट्टी दिली? आज गावात बातम्या पाठवणारे जे दोघे-तिघे आहेत, त्यांच्यातल्या एकाचे वर्तमानपत्र विकण्याचे दुकान आहे, दुसरा द्राक्षबाग सांभाळून हा नाद करतो. पुराचे त्याने मोबाइलवर टिपलेले चित्रण संध्याकाळपर्यंत अनेक मराठी संकेतस्थळांवर फिरते. नाव कोणाचेही असते, त्याचे नसते. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा मजकूर दोन विशेषणे बदलून उचलावा, आणि मग दोघांनी मिळून यंत्राला चोर म्हणावे, यातला विनोद त्याला कळतो. तो हसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुलावर जातो.

वाचकही यातून सुटत नाही. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारने घरोघरी वृत्तपत्र टाकण्यास मनाई केली. ती पुढे शिथिल झाली, पण तेवढ्या अवधीत अख्खे वर्तमानपत्र पीडीएफ होऊन फुकट मोबाइलवर येण्याची जी सवय लागली ती गेली नाही. बातमीला दाम असतो ही जाणीवच विरत गेली. मराठी मजकुराला जाळ्यावर जाहिरातीचे उत्पन्नही उशिराच मिळू लागले: गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात-व्यवस्थेत मराठीचा अधिकृत समावेश झाला तो २०१८ मध्ये. म्हणजे दुसरा आधार उभा राहतो न राहतो तोच पहिला खचू लागला.

मग उपाय काय? कॅनडात २०२३ मध्ये कायदा झाला, तेव्हा मेटाने आपल्या मंचांवरून तेथल्या बातम्याच काढून टाकल्या, आणि गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. त्या रकमेच्या वाटपातली एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. तिथे वाटा ठरवताना कोणत्या संस्थेकडे किती पत्रकार काम करतात, हे माप धरले गेले. किती वाचक आले, किती वेळा कळ दाबली गेली, ही मापे मोठ्याला आणखी मोठे करतात. किती माणसे बातमीच्या मागे पायपीट करतात, हे माप निदान योग्य दिशेला तोंड करून उभे आहे. आपल्याकडे चौकशीतून, खटल्यातून किंवा नव्या कायद्यातून उद्या मोबदल्याची काही व्यवस्था निघाली, तर तिच्यात तालुक्याचा वार्ताहर मोजला जाईल का? तो पगारपत्रकावर नाही, म्हणून पत्रकारही नाही, असे तर ठरणार नाही? प्रकाशकांचा पाठिंबा करायचा तो या अटीवर, असे आम्ही स्वतःपुरते ठरवले आहे: शोधयंत्राकडून मिळालेल्या प्रत्येक रुपयाची पट्टी खालपर्यंत लागली पाहिजे, आणि बातमीखाली बातमी आणणाऱ्याचे नाव छापले गेले पाहिजे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल. त्याने मुकुंदराव पाटलांचे स्मरण करावे. १९१० पासून त्यांनी 'दीनमित्र' चालवले ते नगर जिल्ह्यातल्या, आजच्या अहिल्यानगरमधल्या, खेड्यातून. तरवडीसारख्या गावात राहून, सत्यशोधक विचाराच्या वाचकांच्या बळावर, दशकानुदशके. त्या पत्राला शहर नव्हते, भांडवल नव्हते. त्याचा लिहिणारा, छापणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखत होते. ते जग परत येणार नाही, येण्याची गरजही नाही. पण बातमी जिथे जन्मते तिथे तिचा दाम पोचू शकतो, एवढे त्यातून सिद्ध होते.

आमच्या एका विद्यार्थ्याने मागे विचारले होते, "सर, गूगलवर सगळं मिळतं, मग गावात वार्ताहर कशाला?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, खरे कुतूहल होते. आम्ही त्याला उलट विचारले, की गूगलवर सायखेड्याचे जे मिळते ते तिथे ठेवले कोणी? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोणीतरी टाकलं असेल." या 'कोणीतरी'ला नाव आहे, घर आहे, पावसात भिजलेली एक वही आहे. स्पर्धा आयोगाच्या कागदांत, कंपन्यांच्या ताळेबंदात किंवा प्रकाशकांच्या निवेदनांत तो जोवर 'कोणीतरी'च राहील, तोवर हा दावा कोणीही जिंकला तरी पुलाजवळची जागा हळूहळू रिकामीच होत जाणार.